केवड्याच्या मुळाची टोपी

एका खाडीच्या काठी केवड्याचं दाट बन होतं आणि त्या बनात एक पाणकोंबडी राहत असे. पांढऱ्या छातीची, आखूड शेपटीची, आणि पोरांनो, स्वच्छतेचं खूळ डोक्यात असलेली. घरट्यात एक काडी वाकडी पडली तर तिला घास गोड लागत नसे. शेजारपाजारही तिनं सोडला नव्हता. एकदा बगळ्याच्या पायांचा चिखल काढायला गेली, तर तो बिचारा हातचा मासा टाकून उडून गेला.

तिचं घरटं पाण्यावर कललेल्या एका जुन्या केवड्यात होतं आणि घरट्यात अंडी होती. पाण्यानं काठची माती खाल्ल्यामुळं केवडा रोज थोडा थोडा खाडीकडं झुकत चालला होता. उधाणाची भरती आली की हा जाणार, हे आंधळ्यालाही दिसावं. पण केवडा असा सहजासहजी मरत नाही. त्यानं खोडातून एक नवं मूळ खाली सोडलं होतं. ते जमिनीत रुतलं की टेकू मिळणार. टेकू मिळाला तर केवडा तगणार, आणि केवडा तगला तर अंडी. सगळी भिस्त त्या एका लोंबत्या मुळावर.

आता या मुळाच्या टोकाला एक टोपी असते. शिंपी बोटात घालतो ना, तसलं टोपण समजा. तपकिरी, बुळबुळीत, सालपटं सुटलेली. दिसायला अगदी भिकार. जाता-येता पाणकोंबडीची नजर तिच्यावर जायची आणि तिचा जीव तुटायचा. "माझं घर सावरायला निघालंय लेकरू, आणि डोक्यावर हे चिरगूट."

एका सकाळी तिला राहवलं नाही. मुळाजवळ जाऊन ती म्हणाली, "इकडं कर बघू डोकं."

"असू दे ना मावशी," मूळ म्हणालं.

"असू दे काय? जमिनीत जायचंय तुला, चार जणांत बसायचंय. असल्या अवतारात जाणार? गप उभं राहा."

तिनं चोचीनं एकेक पदर सोलून काढला. आतून मूळ निघालं पांढरंशुभ्र, मऊ, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखं. पाणकोंबडीला भरून आलं. तिनं ते या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, आणि समाधानानं अंड्यांवर जाऊन बसली.

पुढं झालं असं, की मूळ वाढत राहिलं, पण आडवं. मग जरा वर. मग खाडीकडं. केवडा आणखी झुकला आणि घरट्यातली अंडी एका अंगाला गडगडली.

"अरे, तिकडं कुठं निघालंस?" पाणकोंबडी घाबरून म्हणाली. "खाली जा की."

"मावशी, खाली म्हणजे कुठं?"

"खाली म्हणजे खाली. माती आहे तिकडं."

"त्या टोपीत बारीक दाणे होते," मूळ म्हणालं. "ते ज्या अंगाला जाऊन बसत, ती खालची बाजू. आता डोक्यात काहीच बसत नाही."

केवड्याखालच्या बिळात एक म्हातारा खेकडा असे. पाणकोंबडी तडक त्याच्या दाराशी गेली.

"खेकडोबा, जरा बाहेर या."

"नाही येत," आतून आवाज आला. "परवाच कवच टाकलंय. अंग लोण्यासारखं झालंय. तुमच्या त्या बगळ्यानं पाहिलं तर चावायचेसुद्धा कष्ट घेणार नाही. काय असेल ते तिथूनच सांग."

तिनं सगळं सांगितलं.

"बये," खेकडा म्हणाला, "तो मळ नव्हता. खडीशी घासून घ्यायलाच ती टोपी असते. तिनं झिजायचं आणि मुळानं पुढं सरकायचं, असा त्यांचा संसार. तू तो स्वच्छ करून ठेवलास."

"मग आता काय करू? शेवाळ बांधू? पान गुंडाळू?"

"काही करू नकोस. जमेल?"

पाणकोंबडीची चोच तेवढ्यात बिळाच्या दारातली काडी सरळ करत होती.

"जमायचं नाही तुला. म्हणून सांगतो, मुळाकडं पाठ करून बस. नवी टोपी ज्याची त्यालाच आतून काढावी लागते, माझ्या कवचासारखी. वरून कुणी घालून देत नाही."

ती पाठ करून बसली. कशी बसली ते तिचं तिला ठाऊक. मागं वळायला मान शिवशिवायची, तेव्हा ती घरट्यातली सरळ काडी काढून पुन्हा सरळ लावायची. केवडा करकरत होता. आकाशात ढग दाटत होते. आणि एका दुपारी पाठीमागून बारीक आवाज आला, "मावशी, सापडलं."

"काय रे?"

"खाली."

तिनं वळून पाहिलं. मुळाच्या टोकाला नवी टोपी आली होती. पहिलीपेक्षा काकणभर जास्तच मळकी. मूळ वाकून वाकून खडीत शिरत होतं. टोपीचा एक पदर या दगडावर राहायचा, दुसरा त्या शिंपल्यावर, आणि आतून नवा पदर यायचा. पाणकोंबडीनं चोच पंखाखाली खुपसली, पण एक डोळा उघडा ठेवला.

उधाण आलं ते वाऱ्यासकट. पाणी घरट्याच्या बुडाला लागलं. केवडा कलला, आणखी कलला, मूळ ताठ ओढलं गेलं, आणि तिथंच सगळं थांबलं. पाणी ओसरलं तेव्हा केवडा जागेवर होता. मुळाचं टोक मात्र पार खोल गेलं होतं. टोपी कुणाला दिसायचं कारणच उरलं नव्हतं.

मग अंडी फुटली. काळीभोर पिल्लं धडपडत बाहेर आली. शेवटच्या पिल्लाच्या डोक्यावर कवचाचा अर्धा तुकडा तसाच चिकटलेला. पाणकोंबडीची चोच झटकन पुढं गेली, आणि मध्येच थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "पडायचं तेव्हा पडेल."

पिल्लू ते डोक्यावर घेऊनच पाण्यात उतरलं.

तात्पर्य : जो पुढं होऊन दगडाशी घासतो, त्याचं अंग फाटकंच दिसणार. त्याच्यावर माया असेल तर त्याला सोलत बसू नये. आपली चोच आवरावी.