नानांचा हात

"पण टिंब कुठल्या बाजूला आणि रेघ कुठल्या?" मुकुंदने विचारलं.

"कुठल्याच नाही," नाना म्हणाले.

मुकुंद माझा नवरा, नाना माझे सासरे. देवगडला घरामागच्या माडाला तार बांधून कित्येक वर्षं हौशी रेडिओ चालवतात. समोर टिंब-रेघांत अक्षरं पाठवायची मोर्सची आडवी की. तिची पट्टी खाली दाबायची नाही; एकदा अंगठ्याने इकडे ढकलायची, एकदा बोटाने तिकडे. दर रविवारी सकाळी अशीच की वापरणारी जुनी मंडळी हवेत भेटतात. आता नानांचा हात थरथरतो. त्यांची जागा मुकुंदने घ्यायची असं ठरलं. म्हणजे मुकुंदनेच ठरवलं.

"मग टिंब होतं कशानं?"

"लवकर सोडल्यानं."

"आणि रेघ?"

"उशिरा सोडल्यानं."

माझ्या नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक कीची सवय. ती दाबून धरली, की टिंबांची माळ आपोआप लागते. त्याने हीसुद्धा दाबून धरली. एकच लांबलचक सूर निघाला.

"बोट लागली वाटतं धक्क्याला," नाना म्हणाले.

मी कपात तोंड घालून हसले.

मुकुंद पेटला. जेवताना ताटाच्या कडेला बोट, झोपताना उशीला. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले. माझ्याशी बोलायचं तेवढं राहून जायचं. नानांची जुनी रेकॉर्डिंग ऐकून ऐकून त्याने त्यांची घाई उचलली, अडखळणं उचललं, शेवटच्या रेघेवरचा हेलही उचलला. स्वयंपाकघरातून ऐकताना नानांचाच हात वाटून मीही फसू लागले.

रविवार आला. मुकुंदने स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, पाठवला.

स्पीकर खरखरला.

मग त्या जुन्या मंडळींपैकी हुबळीच्या कामतांचं उत्तर आलं. मुकुंदने एकेक अक्षर जुळवून मोठ्याने वाचलं, "नाना, आज मुलाचा कॉलसाइन कशाला वापरताय?"

"बघितलंत?" तो खुर्चीतून उठलाच. "कामतकाका फसले! कुणाला पत्ताच लागणार नाही!"

नानांनी की उचलली आणि मुकुंदच्या डाव्या हाताशी नेऊन ठेवली.

"आता या हाताने शीक. पहिल्यापासून."

"अहो नाना, तुमचा हात उचलायला जीव काढलाय मी!"

"दिसतंय."

"मग?"

नानांनी स्पीकरकडे पाहिलं. कामत अजून विचारत होते...

"उद्या मी गेलो, तर ते त्यांना कळायला नको?"