सुभेदाराचा चहा

फार पूर्वी चीनमध्ये गू यानशेंग नावाचा एक कादंबरीकार होता, आणि सरकारी अधिकारीही. त्याच्या नव्या कादंबरीतला सुभेदार दुष्काळात कोठारातला तांदूळ परस्पर विकून खातो. लोक ती वाचायचे आणि आपल्या सुभेदाराकडे, मेंगकडे, बघून हसायचे.

मेंगने गूला कचेरीत बोलावलं. चहा आला. तिथली रीतच होती, की यजमानाने पेला उचलला की भेट संपली. दारातला नोकर लगेच पाहुण्याच्या निरोपाची हाळी द्यायचा.

पेल्याला हात न लावता मेंग गरजला, "लोक म्हणतात, तो चोर मीच! पुस्तक बदल, नाहीतर नोकरी गेली समज!"

"बदलतो की, हुजूर," गू म्हणाला. "त्याला सज्जन करतो, दयाळू करतो. स्वतःच्या ताटातला भात तो भुकेल्यांना वाढतो, असं लिहितो. मग अख्ख्या प्रांतात एकजण जरी म्हणाला की हा मेंगच, तर माझं डोकं उडवा!"

 गडबडून मेंगने नकळत पेला उचलून तोंडाला लावला.

"पाहुणे निघाले!" नोकर ओरडला.

गू उठला, टोपी सारखी केली आणि दारातून वळून म्हणाला, "मग काय हुजूर, चोरच ठेवू ना?"