पंगतीतून उठू न देणारा खेळ

"पण माणसं का उठून जातात, माई? तेवढं सांगा."

शलाकानं हे विचारलं तेव्हा तिची एक चप्पल अजून पायातच होती. नमस्कार नाही, बसू का नाही.

माई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठून उठून जातात?"

"माझ्या पंगतीतून."

"मीठ जास्त पडलं असेल."

चुलीपुढं भाकरी थापणारी गौराबाई फिसकन हसली. शलाकाचे कान तापले.

तिला कुणी हसण्याची सवय नव्हती. पुण्यात ती फोनवरचे खेळ बनवायची. तिनं टेबलावर बोट आपटलं की समोरचे माना डोलवायचे. आणि इथं, नीरेकाठच्या या माळावरच्या मठात, एक म्हातारी शेंगा सोलता सोलता तिची टर उडवत होती. मठ कसला, चार खोल्या आणि एक अंगण. पण लांबलांबून माणसं यायची, माईंच्या शिव्या खायची आणि हलकी होऊन परत जायची. शलाकाही म्हणूनच आली होती. शिव्या मात्र दुसऱ्यांसाठी असतात असं तिला वाटत होतं.

"जेवणाची पंगत नव्हे हो माई. फोनमधली."

"फोनमध्ये जेवतात?"

"खेळतात."

मग तिनं सांगितलं. सोशल मीडियावर लोक बारशाचे फोटो टाकतात, वाढदिवसाला केक पाठवतात, तिथंच तिचा खेळ होता. अंगतपंगत त्याचं नाव. मित्रमैत्रिणींनी ओळीनं पानावर बसायचं. एक नाशकात, एक दुबईत, एक सासरी. हिनं तिच्या पानात श्रीखंड वाढायचं, तिनं हिच्या पानात ठेचा. आग्रह करायचा, टोमणे मारायचे, नको म्हणणाऱ्याच्या पानात मुद्दाम जिलबी टाकायची. सुरुवातीला लोकांची नुसती झुंबड उडाली.

"गोड आहे की गं," माई म्हणाल्या.

"गोड आहे, पण लोक येईनासे झाले. मग मी उपाय केले."

"कसले?"

शलाका ताठ बसली. हा तिचा प्रांत.

"दिवसभर फिरकलं नाही, की पानातलं अन्न नासतं. माशा घोंगावतात. तो आवाज मी स्वतः शोधून बसवलाय. तरी आलं नाही, तर शेजारच्या पानावर निरोप जातो... आज अमकीमुळे तुम्ही उपाशी."

गौराबाईचा हात भाकरीवरच थांबला.

"अगं बया! ती तू होय?"

"म्हणजे?"

"माझ्या जावेला गेला की तसला निरोप! गौरामुळं तुम्ही उपाशी. माझी जाऊ, आणि उपाशी! वाड्यावस्तीवर फोन केले तिनं, हिनं मला उपाशी ठेवलं म्हणून. दिवाळीपासून बोलत न्हाई माझ्याशी."

"मग तुम्ही खेळात परत नाही आलात?"

"आले ना. भाएर पडायचं बटण शोधायला आले. घावंल तर शपथ. शेवटी सुनेला म्हटलं, उपटून टाक हे झाड फोनातनं. अशी झोप लागली त्या दिवशी!"

"ते बटण मीच आत ढकललंय," शलाका म्हणाली. एवढं ऐकूनही तिच्या आवाजात ऐट होतीच. "आधी विचारते, खरंच जाणार? मग विचारते, पंगत मोडून जाणार? आणि मग एक आजी रडते."

माईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"कुठली आजी?"

"चित्रातली. डोळ्यांतून पाणी गळतं तिच्या."

माई हसल्या. अशा हसल्या की मांडीवरचं सूप कलंडलं आणि दाणे ओसरीभर पळाले. गौराबाईनं पदर तोंडात कोंबला. शलाका गुडघ्यावर बसून दाणे वेचायला लागली... तिचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

"हसू नका, माई. सोमवारी कंपनीत बैठक आहे. लोक थांबत नसतील तर खेळ बंद करणार."

"करू देत. दुसरा बनव."

"हा माझा आहे!"

आवाज जरा जास्तच वर गेला. तिनं तो खाली घेतला.

"कॉलेजात आम्ही मैत्रिणी एका डब्यात जेवायचो. डबा माझ्या आईचा, हात सगळ्यांचे. मग सगळ्या पांगल्या. म्हणून बनवला मी हा. हा बंद पडला तर..."

ती पुन्हा दाणे वेचायला लागली.

चुलीत लाकूड तडतडलं.

"त्या मैत्रिणी खेळतात?" माईंनी विचारलं.

"...नाही."

"आणि तू?"

"मी बनवते, माई. मला खेळायला वेळ कुठाय?"

माईंनी सूप बाजूला सारलं. उठल्या. पदर कमरेला खोचला.

"फुगडी येते?"

"काय?"

"फुगडी. का शहरात तीही फोनमध्येच घालता?"

"माई, मी एवढ्या लांबून उत्तर न्यायला आलेय."

"मग ओसरीवर काय बसलीस? ये अंगणात."

शलाकाला जावंच लागलं. माईंना नाही म्हणणारं माणूस त्या माळावर अजून यायचं होतं.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. पायाला पाय लावले, हातांची फुली केली. माईंची मनगटं वाळल्या काटकीसारखी. सत्तरी उलटलेली बाई, आपटली तर हाड राहील का जागेवर? शलाकानं ती मनगटं घट्ट धरली आणि माईंना आपल्याकडं ओढून घेतलं.

फिरायला लागल्या. फिरायला कसल्या, अडखळायला लागल्या. गुडघ्यावर गुडघा आपटला. कपाळावर कपाळ.

"फुगडी हाय का झोंबी?" गौराबाई चुलीपासून ओरडली.

"एवढी का आवळतेस?" माई.

"पडाल तुम्ही."

"असं होय? मग अजून आवळ."

शलाकानं अजून आवळलं. दोघी जागच्या जागी थांबल्या. चिखलात रुतलेली बैलगाडी परवडली.

"फिरेना," शलाका म्हणाली.

"फिरेना," माईंनी मोठ्या आनंदानं कबूल केलं. "आता मागं झुक."

"मागं?"

"माझ्यापासून लांब. जाशील तेवढी लांब. मीही जाते."

"हात सुटेल, माई!"

"सुटेल."

...

शलाकानं गौराबाईकडं पाहिलं. ती भाकरी करपवत उभी होती.

मग शलाका झुकली. आधी खांदे, मग पाठ. पलीकडं माईही झुकल्या. त्यांच्या बोटांत जोर असा नव्हताच, नुसती हिच्या बोटांत अडकवलेली. आणि तेवढ्यावर दोघी तोलल्या.

पाय आपोआप पळायला लागले.

फू... फू... फू!

मठाची भिंत गेली, चूल गेली, गौराबाई गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. नदी एकदा उजवीकडं दिसली, एकदा डावीकडं. शलाकाच्या केसांतला चिमटा उडाला तो कुठं पडला देव जाणे. समोर माईंचा चेहरा तेवढा जागेवर होता, बोळकं उघडून हसणारा, पोरीसारखा. शलाका ओरडली. काय ओरडली ते तिलाही कळलं नाही. पोटातून हसू असं उसळलं, की सोमवार, बैठक, कंपनी सगळं वाऱ्याबरोबर माळावर भिरकावलं गेलं.

"पुरे," माई म्हणाल्या.

वेग उतरला. पाय थांबले. माईंनी हात सोडले.

शलाका मटकन मातीतच बसली. आभाळ अजून गरगरत होतं.

"अजून एक! माई, का थांबलात? आत्ता कुठं रंगली होती!"

माई वळल्या. ओसरीवर जाऊन त्यांनी सूप पुढं ओढलं. शेंग सोलायला हात पुढं आला, तेव्हा शलाकाला दिसलं. त्यांच्या मनगटावर तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

फुगडी फिरत नव्हती तेव्हाचे.

मग तिनं फोन काढून कंपनीतल्या सहकाऱ्याला लावला.

"नचिकेत? ऐक. माशा काढून टाक."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं.

"सगळ्या माशा. आणि तो उपाशीचा निरोपही. हो, शुद्धीवर आहे. बटण बाहेर आण, मोठं कर, पहिल्याच पानावर. नाही, विचारायचं नाही खरंच जाणार का म्हणून. जाणाऱ्याला काय विचारायचं? विडा द्यायचा हातात... अरे, विडा! पानाचा!"

पुन्हा पलीकडून आरडाओरडा.

"जातील तर जाऊ देत. सोमवारी मी बोलेन, तू फक्त बस शेजारी. आणि नचिकेत, त्या आजीला हसवता येईल का रे? प्रयत्न कर."

तिनं फोन ठेवला. मग पुन्हा उचलला, मैत्रिणींची नावं शोधली, त्यांना पंगतीत बोलावलं आणि एकेकीच्या पानात जिलबी वाढली. नको म्हणणारीच्या पानात जास्त.

गौराबाई करपलेली भाकरी घेऊन ओसरीशी आली.

"बटण भाएर येणार म्हणतीस?"

"येणार."

"मग सुनेला सांगते परत टाकायला. जावेच्या पानात मिरचीचा खर्डा वाढायचाय मला."

तिघी हसल्या. हसणं ओसरलं आणि शलाकाला पुन्हा सोमवार आठवला. ती माईंजवळ सरकली. आवाज बारीक झाला.

"माई... एवढं सगळं करून, कुणी आलंच नाही तर?"

माईंनी हातातली शेंग ठेवली. उठल्या, अंगणात गेल्या आणि दोन्ही हात पुढं केले.

"तर आपण दोघी आहोत की. ऊठ."