चकतीची आतली बाजू

फार फार वर्षं झाली त्या गोष्टीला. जपानच्या डोंगरांत हागिनो नावाचं गाव आहे, तिथे गोनरोकु नावाचा कारागीर राहायचा. तलवारीचं पातं जिथे संपतं आणि मूठ सुरू होते, तिथे एक लोखंडी चकती असते. हात पात्यावर घसरू नये म्हणून. जपानी लोक तिला त्सुबा म्हणतात. गोनरोकु या चकत्या घडवायचा. तळहाताएवढं लोखंड, पण त्यावर काय काय असायचं! लाटांवरून उड्या मारणारे ससे, कमळावर टेकलेला चतुर, पावसात उडणारे बगळे. त्याच्या चकतीवरच्या बेडकावर एकदा मांजराने झडप घातली होती, असं म्हणतात. मांजराच्या नखांचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही.

गोनरोकुची एक रीत होती. चकतीची पात्याकडची बाजू शत्रूला दिसते. तिथे मालक सांगेल ते तो कोरायचा, वाघ म्हणा, कुळाचं चिन्ह म्हणा. मुठीकडची बाजू मात्र ज्याची तलवार त्यालाच दिसते. तिथे तो त्या माणसाच्या घरातलं काहीतरी इवलंसं कोरायचा. काय कोरायचं ते त्या माणसाला कधीच विचारायचा नाही, त्याच्या आईला नाहीतर बायकोला विचारायचा. ‘हे डोळ्यांसमोर असलं की माणूस घरची वाट विसरत नाही,’ असं तो म्हणायचा.

एका वर्षी तिथल्या सरदाराने लढाई काढली आणि हागिनोतल्या साऱ्या तरण्या पोरांना बोलावणं आलं. गोनरोकुच्या दारात आयांची रीघ लागली. शेजारची ओताने म्हणाली, “काका, माझ्या पोराला भोपळ्याचा वेल काढा. मेला कोवळे भोपळे चोरून तोडतो, त्याशिवाय त्याला चैन पडत नाही.” कुणी पाणचक्की सांगितली, कुणी खिडकीत येणारी चिमणी. गोनरोकुने सगळ्यांचं सगळं कोरलं.

शेवटी उरला त्याचा स्वतःचा मुलगा, शिनपाची. त्याची आई तो रांगत असतानाच गेली होती. आता विचारायचं कुणाला? पोरालाच विचारलं असतं तर रीत मोडली असती. आणि खरं सांगायचं तर बापलेक दोघेही मुलखाचे घुमे. एका चुलीपाशी बसून जेवायचे आणि भाताच्या वाफेशिवाय दोघांच्या मधे काही नसायचं. गोनरोकुने मनाशीच ठरवलं. अंगणात बायकोने लावलेलं चेरीचं झाड होतं, त्याच्यावर त्याचा फार जीव. त्याने तोच मोहोर चांदीत कोरला. शिनपाचीने चकती पाहिली, मान लववली आणि तो चालू लागला.

सरदार लढाई हरला. पळताना पोरं दलदलीत शिरली आणि वर धुकं असं दाटलं की आपला हात आपल्याला दिसेना. तेव्हा चकत्यांवरची चित्रं जागी झाली, असं म्हणतात. ओतानेच्या पोराच्या मुठीतून वेल फुटला आणि सरसर पुढे गेला, तो धरून पोरगा थेट परसदारी पोचला. पाणचक्की घरघरली, चिमणी ओरडली. भातकापणीच्या आत सगळी पोरं घरी आली. शिनपाची आला नाही.

गोनरोकुला कळून चुकलं. “मला आवडतं ते मी कोरलं,” तो ओतानेला म्हणाला. “माझ्या लेकाला काय आवडतं, मला ठाऊकच नाही गं.”

तो पुन्हा ठोकायला बसला. नव्या चकतीवर त्याने चतुर कोरला. चतुर लोखंडातून उडाला आणि संध्याकाळी ओल्या पंखांनी परत येऊन जागेवर बसला. मग बदक केलं, पतंग केला, बायकोचा कंगवासुद्धा केला. जे जे गेलं ते एकटंच परत आलं. गोनरोकुने गिऱ्हाईक बंद केलं. बर्फ पडायला लागलं, बोटं फुटली, तरी तो दिवस उजाडला की हातोडी घ्यायचा ती अंधार पडला की ठेवायचा.

“काका, पुरे झालं आता,” ओताने म्हणायची. “हातांकडे बघा जरा.”

“एवढं एकच,” तो म्हणायचा.

पुढे पुढे त्याला दिसेनासं झालं आणि आठवायला चित्रंही उरली नाहीत. मग तो नुसतीच कोरी चकती ठोकत बसायचा. अशाच एका संध्याकाळी ठोकता ठोकता तो दमून थांबला, तर दारात कुणीतरी धापा टाकत उभं.

“बाबा, थांबलात का? मी केवढा घाबरलो!”

गोनरोकुने हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला. “कशाच्या मागे आलास? बदकाच्या? पतंगाच्या?”

“कशाच्याच नाही. धुक्यात मोहोर पडताना दिसला, पण चेरी काय, गावोगाव असते. मग तुमची हातोडी ऐकू आली. लहानपणी मी त्याच आवाजावर झोपायचो, बाबा. रोज ती जेवढा वेळ ऐकू यायची, तेवढीच वाट मी चालायचो.”

गोनरोकु ढसढसा रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. तो काही बोलणार होता, पण शिनपाचीने त्याच्या हातातली हातोडी घेतली आणि तो स्वतःच ठोकायला बसला. “दलदलीत दुसऱ्या गावची पोरंही होती,” तो म्हणाला.

ती कोरी चकती हागिनोच्या देवळात अजून आहे, असं म्हणतात. आणि अजूनही ज्याचं माणूस दूर गेलेलं असतं, तो संध्याकाळी दारात बसून हाताला येईल ते ठोकतो. कुणी तव्यावर पळी, कुणी कोयत्यावर दगड. नवख्या माणसाला वाटतं, गाव तांबटांचं आहे. आपलं माणूस दारात आलं की लोक त्याला घरात घेतात, पाणी देतात, पोटाशी धरतात. पण ठोकणं लगेच बंद करत नाहीत. मागे वाटेवर आणखी कुणी असेल.