नव्वद टक्के

राज्यभर नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या होत्या. पक्षाची उपरणी गळ्यात घालून बापूसाहेब जगदाळ्यांचे कार्यकर्ते दारोदार विचारून आले, तेव्हा नव्वद टक्के गाव "मत बापूसाहेबांनाच" म्हणालं.

संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक केसकर यांनी नाव न विचारता केलेल्या पाहणीत मात्र पस्तीसच टक्के निघाले. बापूसाहेबांनी त्यांना बंगल्यावर बोलावलं.

"सर, आमचाच आकडा खरा, असं सभेत सांगा. नाहीतर माझ्या जागेतलं तुमचं वाचनालय रिकामं करा."

केसकरांनी मनातल्या मनात आकडे पुन्हा जुळवून पाहिले. आपलंच तर चुकलं नसेल? तेवढ्यात समोर ताटकळत बसलेले प्रभाग सातचे तिघे इच्छुक त्यांना दिसले.

"सातचं तिकीट कुणाला हो?" त्यांनी विचारलं.

"मला!" तिघेही एकदम म्हणाले. "साहेबांनी शब्द दिलाय!"

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नंतर साहेबांकडे.

"साहेब," केसकर चाचरत म्हणाले, "तुम्हाला यांच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही. गावालाही तुमच्या माणसांच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही."

बापूसाहेब आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. "जिंकलात, सर! वाचनालय कुठं जात नाही, शब्द देतो."

केसकर दारात घुटमळले. "तेवढं लेखी मिळालं तर बरं होईल, साहेब."