लांडग्याकडे राहिलेलं नाव

बर्फाच्या डोंगरांपलीकडे, तिबेटातल्या एका गावात, एक भोळा याकवाला राहत होता. भोळा म्हणजे किती, तर स्वतःच्या नावालाही फसलेला. तिकडे आडनावाची भानगड फारशी नाही. मूल जन्मलं की लामांकडे जायचं आणि ते देतील ते नाव घ्यायचं. कधी नावात आशीर्वाद असतो, कधी नुसता जन्मवार. हा शुक्रवारी जन्मला म्हणून पासांग. पासांग म्हणजे शुक्रवार. झालं! गड्याने मनाशी पक्कं केलं की आपण फक्त शुक्रवारचे. बाकीचे सहा दिवस कोणी 'पासांग' अशी हाक मारली तर तो ओ देत नसे. बायको डोलकर शेवटी कंटाळली आणि नुसतं 'अहो' म्हणू लागली. 'अहो'ला वार नसतो.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्यांना मुलगा झाला. बारा दिवसांचं होतं न होतं तोच पोर तापाने फणफणलं. दूध घेईना. डोलकरच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पोराला अजून नाव नव्हतं, आणि बिननावाच्या पोराला भूत आधी उचलतं असं तिची आई सांगायची. गुरुवारी सकाळी तिने पासांगच्या हातात लोण्याचा गोळा आणि मानाचं पांढरं वस्त्र देऊन त्याला मठात पिटाळलं. वर बजावलं की लामा नावाचा जो अर्थ सांगतील तो घरी येईपर्यंत तोंडात ठेवा, वाटेत सोडू नका.

लामांनी लोणी घेतलं, वस्त्र आशीर्वाद म्हणून त्याच्याच गळ्यात घातलं आणि नाव दिलं त्सेरिंग. म्हणजे दीर्घायुषी. पासांग 'दीर्घायुषी हो, दीर्घायुषी हो' म्हणत डोंगर उतरू लागला.

वाटेत एका खड्ड्याभोवती माणसं जमली होती. अकरा मेंढ्या खाल्लेला लांडगा आत पडला होता. त्याला मारायचं पाप कोणी घ्यायचं, यावर सकाळपासून भांडण चाललं होतं. पासांगने खड्ड्यात डोकावून म्हटलं, "दीर्घायुषी हो."

लोकांनी त्याला बदडून काढलं. त्यांच्यात नऊ लेकरांचा बाप असलेला एक म्हातारा होता. तो म्हणाला, अरे शहाण्या, जे नको झालंय त्याला 'बस, आता पुरे' म्हणावं. माझ्या नवव्या पोरीचं नाव तेच ठेवलं, दहावं आलंच नाही. पासांगला पटलं. 'बस, आता पुरे' घोकत तो पुढे निघाला.

पुढे मुखियाचं घर लागलं. तिथे बारा वर्षांच्या नवसानंतर नातू झाला होता, पाहुणे रांगेत उभे होते. पासांगही रांगेत शिरला. पाळी आल्यावर पाळण्यात वाकून म्हणाला, "बस, आता पुरे."

इथेही पाठ शेकली. मुखियाच्या आईने काठी खाली ठेवून शिकवण दिली, की मोलाच्या गोष्टीला मुद्दाम घाणेरडं नाव द्यावं, आम्ही याला 'कुत्र्याची घाण' म्हणतो. भूत ऐकतं, नाक मुरडतं आणि चालतं होतं. आपल्याकडे नाही का, मुलं जगेनात की धोंडू नाहीतर दगडू ठेवायचे, त्यातलाच प्रकार. जितकं मोल मोठं तितकं नाव घाण, अशी पासांगने खूणगाठ बांधली.

तेवढ्यात बाळाला आशीर्वाद द्यायला खुद्द लामा घोड्यावरून आले. सगळे कपाळ टेकून 'रिनपोचे, रिनपोचे' करू लागले. रिनपोचे म्हणजे अनमोल. पासांगला आपली खूणगाठ आठवली. एवढा अनमोल माणूस, आणि हे लोक उघड उघड सांगतायत? भुताने ऐकलं म्हणजे? त्याने धावत जाऊन लगाम धरला आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "कुत्र्याची घाण!"

लोकांनी बाह्या सरसावल्या. लामा मात्र हसता हसता घोड्यावरून घसरायचेच राहिले. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "अरे, तुला नाव दिलं होतं ना? ते कुठंय?"

"ते मी लांडग्याला देऊन बसलो."

लामा म्हणाले, बरं, आता तोंडात आहे तेच घेऊन पळ, पोर वाट बघतंय.

नाव ऐकून डोलकरने कपाळावर हात मारला. पण तिने ते पोराच्या कानात सांगितलं. भुताने नाक मुरडलं की काय कोण जाणे, शुक्रवारी सकाळी ताप उतरला आणि पोर चुरूचुरू दूध ओढू लागलं. डोलकर आनंदाने ढसाढसा रडली. मग म्हणाली, "या नावाच्या पोराला उद्या मुलगी कोण देईल? पहिलं नाव जिथे सोडलंत तिथून परत घेऊन या."

पासांग खड्ड्यापाशी गेला. पापाचा निकाल लागला नव्हता, म्हणून लांडगा होता तसाच होता. नाव समोरासमोर, मान वाकवून घ्यायचं असतं. खड्ड्यातून वर फेकलेलं नाव कसं घेणार? म्हणून त्याने एक ओंडका तिरपा खाली सोडला. लांडगा वर आला. पासांगने रीतीप्रमाणे वाकून ते पांढरं वस्त्र त्याच्या गळ्यात घातलं आणि हात पुढे केले. लांडगा नाव आणि वस्त्र दोन्ही घेऊन पळाला, आणि जाता जाता त्याने मुखियाच्या तीन मेंढ्यांचा फडशा पाडला.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव काठ्या घेऊन दारात आलं. "पासांग कुठंय?" मुखियाने विचारलं.

"आज शनिवार," पासांग म्हणाला. "पासांग काल होता."

पोर मोठं झालं, धडधाकट झालं, पण गाव त्याला अजून त्याच घाण नावाने हाक मारतं. लांडगाही अजून आहे. गळ्यात पांढरं वस्त्र घालून तो दर हिवाळ्यात मेंढ्या खायला येतो. त्याच्यासाठी खड्डे खणले, दगड मारले, पण तो काही मरत नाही. लामांनी दिलेलं नाव वाया जात नाही.