कोल्हिणीची खिडकी

मुलांनो, एका खाडीच्या मुखाशी एक कोल्हीण राहत असे. राहत असे म्हणण्यापेक्षा घाबरत असे म्हटले तरी चालेल, कारण दिवसाचा बराचसा वेळ ती तेच करी. तिचे बीळ वाळूच्या एका उंच बांधात होते. हा बांध कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. वाऱ्याने वाळू आणून टाकली, मर्यादवेलीने ती घट्ट धरून ठेवली, वर केतकीचे बन माजले आणि असा तो हळूहळू उभा राहिला. त्याच्या एका अंगाला समुद्र होता, तर दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचे तळे. तळ्याकाठी सशांची बिळे होती आणि त्यापलीकडे चिखलात कांदळवन पसरलेले होते. समुद्र बांध फोडून आत आला, तर तळे खारट होणार, बिळे बुडणार आणि सगळ्यांना परागंदा व्हावे लागणार, हे तिथल्या शेंबड्या पिल्लालाही ठाऊक होते.

म्हणून त्या खाडीत एक रीत होती. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण येऊन गेले, की ओहोटीला सगळे मिळून बांधाच्या समुद्राकडच्या बाजूने फेरी मारत. पाणमांजरकाका हे सगळ्यांत वडील. ते लाटांनी आणून टाकलेले ओंडके ओढत आणून बांधाच्या पायथ्याशी रचत. ससे मर्यादवेलीची उखडलेली टोके पुन्हा वाळूत पुरत. ही वेल मोठी गुणाची, जिथे टेकते तिथे मूळ धरते. खेकडा नांगीने ठोकून ठोकून वाळू कुठे पोकळ तर झाली नाही ना, ते पाही. आणि समुद्राकडच्या अंगाला कोणी, कधी, कशासाठीही उकरायचे नाही, असा सक्त नियम होता.

त्या वर्षी कोल्हिणीला पिल्ले झाली आणि तिच्या जिवाला आणखीच घोर लागला. तिच्या बिळाचे तोंड तळ्याकडे होते. समुद्र तिला दिसत नसे, नुसता ऐकू येई. भरतीची गाज सुरू झाली, की तिला वाटे, आला! आता भिंतीपलीकडेच आहे! पिल्ले पोटाशी घेऊन ती कान टवकारून बसे. त्यातच एक कावळा तिच्या दारात उतरला.

"ऐकलंत का कोल्हीणताई? पलीकडच्या खाडीतला बांध गेला," तो म्हणाला. "एका भरतीत साफ! तळ्यात मासे उताणे तरंगताना पाहिले मी या डोळ्यांनी."

"आणि पिल्लं? कोणाची पिल्लं होती तिथे?"

"असतील की. मला वरून काही दिसली नाहीत बुवा."

कावळ्याचे काय जाते? बातमी टाकली आणि उडाला. कोल्हिणीच्या मात्र तोंडचे पाणी पळाले. ती विचार करू लागली. समुद्र कुठवर आलाय ते आपल्याला दिसले असते, तर वेळेवर पिल्ले उचलून पळता तरी आले असते. आता, कोल्ह्यांच्या जातीला एक खोड असते. एका दाराच्या बिळात त्यांना चैन पडत नाही. मागच्या बाजूला पळायला दुसरे दार हवेच. कोल्हिणीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि बिळाच्या मागच्या भिंतीला पंजा लावला. वेलीची मुळे आडवी आली, ती तिने दातांनी कुरतडली. "डोकं मावेल एवढीच करते," ती स्वतःशी पुटपुटली. "हे कसलं दार? ही तर खिडकी! एवढ्याने बांधाचं काय बिघडतंय?"

खिडकीतून समुद्र दिसला. तो चांगला लांब होता, उन्हात चमकत पडला होता. त्या दिवशी कोल्हीण कित्येक दिवसांनी ढाराढूर झोपली.

पण मुलांनो, वाळूला पाडलेले भोक आपण पाडले तेवढेच राहत नाही. वारा आला की कडा ढासळे. कोल्हीण तिथे केतकीची सुकी पाने खुपसून ठेवी, सकाळी पाहावे तर पाने गायब आणि भोक वीतभर मोठे. डोके मावणाऱ्या खिडकीतून आता ती सबंध आरपार जाऊ शकत होती. बिळात खारा वारा घोंघावू लागला, पिल्ले कुडकुडू लागली. आता तिला एकीऐवजी दोन भित्या झाल्या, समुद्राची आणि पकडले जाण्याची. आणि खरे सांगायचे, तर दुसरी भीती जास्त मोठी होती. पुढच्या फेरीला खेकडा ठोकत ठोकत तिच्या बिळामागे आला, तेव्हा ती भोकावरच बूड टेकून बसली होती.

"काय गो कोल्हीणबाय, उन्हात बसलीस?"

"अंग दुखतंय जरा," ती म्हणाली. तिच्या शेपटीखालून वाळू भसाभस आत घसरत होती आणि तिचे काळीज लकलक करत होते. सांगून टाकावे का? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगितले तर हे सगळे आपल्याला हाकलून देतील, मग पिल्लांना घेऊन जायचे कुठे? तिने तोंड मिटून घेतले. खेकडा पुढे गेला.

मग ते उधाण आले. भर दुपारी आभाळ काळे झाले, वाऱ्याने केतक्या पिळवटून काढल्या आणि पाणी चढू लागले. पायथ्याचे ओंडके लाटांनी काडीसारखे उचलले. पहिली लाट भोकापाशी येऊन फेस टाकून परत गेली. दुसरी आत डोकावली. तिसरी सरळ बिळात शिरली आणि पिल्ले किंचाळली. कोल्हिणीने एकेका पिल्लाची मानगूट धरून त्यांना बांधाच्या माथ्यावर केतकीच्या बनात नेऊन ठेवले. शेवटच्या पिल्लाला आणताना पाणी तिच्या गळ्यापर्यंत आले होते.

वर येऊन तिने खाली पाहिले. तिच्या बिळातून पाण्याचा लोट तळ्याच्या दिशेने धावत होता आणि दर लाटेसरशी भोक रुंदावत होते. तळ्याकाठच्या बिळांत सशांची डोळे न उघडलेली पिल्ले झोपलेली होती. या बाजूने पाणी येईल याची खाली कोणालाच कल्पनाही नव्हती. सगळे बांधाच्या भरवशावर निर्धास्त होते.

आपली पिल्ले वाचली होती. गप्प राहिले, तर समुद्राने बांध फोडला असेच सगळे म्हणतील; कोणाला काही कळणार नाही. एक क्षणभर, मुलांनो, ती खरोखरच गप्प राहिली. मग खालच्या बिळातून सशाच्या पिल्लाचा बारीकसा आवाज आला, आणि कोल्हिणीने मान वर करून जी कोल्हेकुई दिली, ती खाडीच्या पार दुसऱ्या तीरावर ऐकू गेली.

भरदिवसा कोल्हेकुई! सगळे बिळांतून धडपडत बाहेर आले. "बांध फुटला! इकडून, माझ्या बिळातून!" ती ओरडली. मग कोणी कोणाला काही विचारले नाही. पाणमांजरकाकांनी पाण्यात बुडी मारून भोकाच्या तोंडात ओंडका आडवा घातला. सशांनी पिल्ले वर पोचवली आणि मागच्या पायांनी वाळूचा मारा सुरू केला. खेकडा आपले सारे गोत घेऊन कांदळवनातला चिकट चिखल आणू लागला. कोल्हीण स्वतः भोकात शिरली आणि लाटांना पाठ देऊन उभी राहिली. लाट तिला आपटे, ती पुन्हा उभी राही. अखेरीस भोक बुजले. पाणी उतरू लागले, तेव्हा तळे निम्मे खारट झाले होते, पण बांध उभा होता.

सगळे चिखलाने माखलेले, धापा टाकत बसले होते. पाणमांजरकाकांनी विचारले, "हे भोक पाडलं कोणी?"

"मी," कोल्हीण म्हणाली. "मला समुद्राची भीती वाटत होती. तो दिसावा म्हणून पाडलं. मी पिल्लांना घेऊन आजच निघते."

ती उठली. तेवढ्यात खेकडा खाकरला. त्याने आपले डोळे आत ओढून घेतले होते.

"थांब गो बाय," तो म्हणाला. "माझंपण एक आहे. केतकीच्या मुळाशी. भरतीची चाहूल लागावी म्हणून केलेलं."

थोरला ससा जमिनीकडे पाहत म्हणाला, "आमची दोन आहेत. पळायला बरी म्हणून."

केतकीवर बसलेल्या खंड्या पक्ष्यानेही घरट्यासाठी समुद्राकडून बोगदा कोरला होता. अन् पाणमांजरकाका, जे दर फेरीला सर्वांना नियम वाचून दाखवल्यासारखे ऐकवत, ते आपल्या मिशा चोळत म्हणाले, "माझी एक घसरगुंडी आहे. वेल काढून केलीय. एकट्याची आहे, तेवढ्याने काय होतंय, असं वाटलं मला."

सगळे मान वळवून बांधाकडे पाहू लागले. इतकी वर्षे ज्याच्या आडोशाला ते निर्धास्त झोपत आले होते, तो बांध आतून पोखरून चाळण झालेला होता. कोल्हिणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढी भीती तिला भर लाटेतही वाटली नव्हती.

"उद्याची भरती आजच्याहून मोठी असणार," पाणमांजरकाका हळूच म्हणाले.

"मला फार भीती वाटतेय, काका," कोल्हीण म्हणाली.

"मलाही," काका म्हणाले. "चल, आधी माझी घसरगुंडी दाखवतो. तिथून सुरुवात करू."

दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता. सगळे उठले आणि कामाला लागले.

तात्पर्य : सर्वांना राखणाऱ्या बांधाला आपल्यापुरते पाडलेले भोक प्रत्येकाला लहानच वाटते, पण तसे भोक पाडणारे आपण एकटे कधीच नसतो. म्हणून भीती वाटली, तर गुपचूप उकरत बसू नये, ती बोलून दाखवावी.